कप्तानाच्या पत्रातला पेंटर

येशवंत पेंटरांना इंग्रजीतले काही हजार शब्द येत होते आणि एकही वाक्य येत नव्हतं. शाहूपुरीत आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. पुढचा व्हरांडा दोघांत मिळून एकच. आमच्याकडून दिवसभर टाइपरायटरांचा कडकडाट जायचा आणि त्यांच्याकडून टर्पेंटाइनचा वास यायचा. शेडवरच्या पाटीत ‘यशवंत’ असं शुद्ध लिहिलेलं होतं, पण सगळं गाव त्यांना येशवंत म्हणायचं आणि त्यालाही त्यांची काही हरकत नव्हती. बोललेलं वाऱ्यावर जातं, रंगवलेलं राहतं, असं त्यांचं म्हणणं.

शाळा सातवीत सुटली होती. पुढं सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका वस्तादाच्या हाताखाली आठ वर्षं काढून त्यांनी दुकानांच्या पाट्यांचा धंदा धरला. किरकोळ अंगाचा माणूस. पायजम्यावर दहा पाट्यांचे रंग, कानावर नेहमी एक बारीक ब्रश. चहा आला की ग्लास शिडीच्या पायरीवर ठेवायचे आणि विसरायचे. त्यात कधी ब्रश बुडायचा, कधी माशी. तोच चहा पुन्हा गरम करून आणा म्हणायचे तेव्हा हॉटेलवाला हात जोडायचा.

शिडीला एक कापडी पिशवी कायम टांगलेली असायची. तिच्यात इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. हा शब्दकोश कसा आला ते त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. धंद्याच्या सुरुवातीला त्यांनी एका डॉक्टरांची पाटी केली. लहान मुलांचे डॉक्टर. ‘स्पेशालिस्ट’मधला ई त्यांनी खाल्ला आणि तिथं ए बसवला. डॉक्टरांनीही नीट बघितलं नाही. पाटी चढली. दोन वर्षांनी एका कॉलेजच्या पोरानं खालून जाताना मित्राला ती वाचून दाखवली आणि दोघं हसले. येशवंतमामा तिथंच पलीकडं पान खात उभे होते. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत शिडी लावून त्यांनी स्वतःच्या पदरचा रंग घालून ते अक्षर दुरुस्त केलं, आणि तिथून सरळ जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. “दोन वर्षं त्या डॉक्टरच्या दारात माझी चूक टांगली हुती,” ते म्हणायचे. “पेशंट आत जायाच्या आधी ती बघून जात हुता.”

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. गिऱ्हाइकानं मजकुराची चिठ्ठी दिली की ते ती उलटी वाचायचे. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, एकेक अक्षर ब्रशच्या टोकानं मोजत. मला आधी ही गंमत वाटायची. मी विचारलं तर म्हणाले, सरळ वाचलं की अर्थ कळतो, आणि अर्थ कळला की डोळा पुढं पळतो. पळणाऱ्याला खालचा खड्डा दिसत नाही. उलटं वाचलं की अर्थच लागत नाही, मग नुसती अक्षरं राहतात आणि त्यांतली लबाडी दिसते.

या रीतीपायी त्यांनी एकदा एका कॉलेजात मोठाच घोळ घातला होता. प्राचार्यांच्या दारावर इंग्रजीत ‘प्रिन्सिपॉल’ रंगवायचं होतं. या उच्चाराची इंग्रजीत स्पेलिंगं दोन, एक माणसाचं आणि एक तत्त्वाचं. कारकुनानं चिठ्ठीत तत्त्वाचं लिहून दिलं. येशवंतमामा रंगवायला तयार होईनात. कारकून म्हणाला, तुला काय करायचंय, दिलंय ते काढ. हे शिडीवर बसून राहिले. तास झाला, दुसरा तास झाला, पोरं जमली. शेवटी आवाज ऐकून खुद्द प्राचार्य बाहेर आले. यांनी पिशवीतून शब्दकोश काढला, पान उघडून वर धरलं आणि म्हणाले, “सायेब, तत्त्व दारावर लिवत न्हाईत. दारावर माणूस लिवत्यात.”

प्राचार्य भले होते. त्यांनी यांना आत बोलावून चहा दिला. तो मात्र मामांनी गरम असतानाच प्याला, हे ते मुद्दाम सांगायचे.

माझे वडील इन्स्टिट्यूट चालवायचे. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. मी बी.ए. होऊन त्यांच्याच हाताखाली शिकवत होते. अर्ज, करारपत्रं, कोर्टाचे कागद असं बाहेरचं टायपिंगही आमच्याकडे यायचं. इंग्रजीत पत्र लिहायचं झालं तर शाहूपुरीतले लोक बाबांकडे यायचे, कारण त्यांचं इंग्रजी जुन्या वळणाचं आणि भारदस्त होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी गडहिंग्लजच्या बाजूच्या एका खेड्यातले मल्लाप्पा म्हणून गृहस्थ आले. साठीच्या आतबाहेरचे, कपाळाला भस्म, धोतर, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना मल्लूअण्णा म्हणतात, असं त्यांनीच सांगितलं. घरची शेती आणि गावात छोटं किराणा दुकान. कोपरीच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं एक जाड कागदाचं पत्र काढलं आणि बाबांसमोर ठेवलं. पत्र इंग्रजीत होतं. त्याला उत्तर लिहून पाहिजे होतं.

त्यांचा मुलगा शिवानंद मालवाहू जहाजावर खलाशी होता. तीन वर्षं झाली होती त्याला समुद्रावर. त्याचं लग्न गडहिंग्लजच्या पेठेतल्या एका गूळ-व्यापाऱ्याच्या मुलीशी ठरलं होतं, तो परत आला की बार उडवायचा होता. आणि मध्येच जहाजाच्या कप्तानाचं हे पत्र आलं. मल्लूअण्णांना इंग्रजी येत नाही. गावात वाचून दाखवणारं कुणी नाही. पत्र घेऊन ते सरळ व्याह्यांच्याच घरी गेले, कारण मुलीचे चुलते तीस वर्षं हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले गुरुजी होते. गुरुजींनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

बाबांनीही ते वाचलं. मग मला दिलं. टाइप केलेलं, आठ-दहा ओळींचं पत्र. मी आजही ते जवळपास जसंच्या तसं सांगू शकते. कप्तानानं लिहिलं होतं की, तुमच्या मुलाच्या जबड्यावर पेंटरचा फटका बसला असून जबडा मोडला आहे. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता आणि चौघेजण बोटीत होते. ते बाहेर येईपर्यंत तुमच्या मुलानं पेंटरला सोडलं नाही. मग पेंटर ‘पार्टेड’, म्हणजे बाबांच्या मते निघून गेला. पेंटर जुना होता. त्याला नंतर ‘कंडेम’ करून कापून टाकण्यात आलं. मुलगा एका परक्या बंदरावरच्या इस्पितळात आहे, तिथल्या डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधल्यामुळं सहा आठवडे बोलू शकणार नाही. आणि शेवटी, मुलाच्या वर्तनाचा अहवाल मी मालकांना पाठवला आहे.

बाबांनी पत्र खाली ठेवलं आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. गुरुजींनी लावला होता तोच अर्थ त्यांनाही लागला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. जहाजावर रंगकाम करणारा कुणी जुना माणूस. त्याची आणि शिवानंदची जुंपली. त्यानं याचा जबडा फोडला, यानं त्याला इतर लोक येईपर्यंत धरून ठेवलं. पुढं त्या पेंटरला शिक्षा झाली, आणि कसली शिक्षा ते बोलवत नव्हतं. समुद्रावर कप्तान हाच राजा असतो, असं बाबा हळूच म्हणाले. आणि आता मुलाच्या वर्तनाचा अहवाल वर गेलाय.

मल्लूअण्णा गावातल्या टेलिफोन बूथवरून मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसात बोलले होते. मुलाच्या जिवाला धोका नाही, एवढं तिथल्या कारकुनानं सांगितलं. पेंटर मेला का, ते यांनी विचारलंच नाही. विचारलं आणि तो व्हय म्हणाला तर काय करायचं, असं त्यांना वाटलं. इकडं व्याह्यांकडून निरोप आला होता, मुलगा परत येऊ दे, मग बघू. आमच्या भागात ‘मग बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो.

बाबांनी विचारलं, उत्तरात काय लिहू. मल्लूअण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं. “लिवा री, पोराच्या हातनं चूक झाली असंल तर बाप म्हणून मी माफी मागतो. आणि त्या पेंटरच्या घरचा पत्ता पाठवा म्हणावं. त्येची लेकरंबाळं असतील. एन माडूदु री, काय करायचं, मला हुईल तेवढं मी त्यांचं बघतो.”

मी टाइपरायटरवर कागद चढवला होता. बोटं कळांवर ठेवून मी तशीच बसून राहिले. ज्यानं आपल्या मुलाचा जबडा मोडला असं त्यांना वाटत होतं, त्याच्या लेकरांची काळजी हा माणूस करत होता.

तेवढ्यात दारात येशवंतमामा उभे राहिले. हातात ब्रश, ब्रशला पिवळा रंग. “कवापास्नं पेंटर, पेंटर चाललंय. मला बोलावलं काय?”

बाबांनी त्यांना थोडक्यात हकीकत सांगितली. मामा ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी पत्र मागितलं. हाताला रंग होता म्हणून मी ते त्यांच्यासमोर टेबलावर पसरून धरलं. आणि ते आपल्या रीतीनं वाचू लागले. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून मागं, ब्रशचं उलटं टोक एकेका अक्षरावर ठेवत. मल्लूअण्णा बघत राहिले. बाबांना जरा संकोच वाटला, त्यांनी घसा साफ केला. मामांचं लक्ष नव्हतं.

‘कंडेम’वर टोक थांबलं. मामांनी तो शब्द स्वतःशी दोनदा म्हटला. मग म्हणाले, “सर, हे कंडम हाय की. एस्टी कंडम करत्यात. बॉयलर कंडम करत्यात. माणसाला कोण कंडम करतंय?”

बाबा म्हणाले, इंग्रजीत न्यायाधीश माणसालाही कंडेम करतो, म्हणजे शिक्षा ठोठावतो. मामांनी मान हलवली, ती पटल्याची का न पटल्याची ते कळलं नाही, आणि टोक पुन्हा मागं सरकू लागलं. आणखी एका ओळीनं ते पुन्हा थांबलं. यावेळी बराच वेळ.

“सर, हितं ‘विच’ हाय.”

बाबा पुढं झुकले. मीही झुकले. इंग्रजीत ते वाक्य असं होतं: द पेंटर, विच वॉज ॲन ओल्ड वन, पार्टेड. आम्ही दोघांनी ते वाचलं होतं आणि दोघांच्याही डोळ्यांनी त्या एका शब्दावरून उडी मारली होती.

“माणूस असता तर ‘हू’ लिवलं असतं,” मामा म्हणाले. “विच वस्तूला लावत्यात.”

बाबा म्हणाले, कप्तान परदेशी दिसतोय, नावावरून ग्रीक वाटतो. त्याचं इंग्रजी कच्चं असेल. मामांनी ब्रशचं टोक खाली डॉक्टरांच्या वाक्यावर नेऊन ठेवलं. तिथं ‘द डॉक्टर हू’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ज्या माणसाला डॉक्टरला ‘हू’ लावायचं कळतं, त्याला पेंटरला ‘विच’ लावायचंही कळत असणार.

मल्लूअण्णांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं, आणि ते बाकावर पुढं सरकून बसले.

मामांनी आपल्या पिशवीतला शब्दकोश आणला. त्यात पेंटर म्हणजे रंगारी, चित्रकार, एवढंच. बाबांच्या कोशातही तेच. मामा म्हणाले, मोठा कोश बघायला पाहिजे. बाबांना क्लास सोडता येत नव्हता, म्हणून मी निघाले. शहरातल्या जुन्या ग्रंथालयात इंग्रजीचा दोन खंडांचा दांडगा कोश होता, तो घरी देत नसत. आम्ही तिघं चालत गेलो.

तिथल्या बाईंनी मामांच्या हातांकडे बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की या माणसानं पुस्तकाला हात लावायचा नाही. मामांनी निमूटपणे दोन्ही हात पाठीमागं धरले. मी पानं उलटत गेले. ‘पेंटर’ सापडला. पहिला अर्थ रंगवणारा. त्याच्या खाली दोनचा आकडा घालून तोच शब्द पुन्हा दिला होता: बोटीच्या पुढच्या टोकाला बांधलेला दोर, ज्यानं ती जहाजाला किंवा धक्क्याला बांधून ठेवतात.

मामा वाकून वाचत होते. त्यांनी ते सरळ वाचलं, मग उलटं वाचलं. मग मला म्हणाले, आता ‘पार्ट’ बघा. तिथं होतं, दोराच्या बाबतीत तुटणं. मग ‘कंडेम’. वापरायला नालायक ठरवून मोडीत काढणं. आपलं कंडमच.

मामा सरळ झाले आणि मल्लूअण्णांकडे वळले. “आण्णा, त्यो दोर हाय. माणूस न्हाय.”

मल्लूअण्णांनी विचारलं, “म्हणजे कुणी मेलं न्हाय?”

“कुणी मेलं न्हाय.”

मल्लूअण्णा ग्रंथालयाच्या फरशीवर मटकन बसले. त्या बाई पाणी घेऊन धावत आल्या. सगळं कळल्यावर त्यांनीच मला त्या नोंदी उतरवून घ्यायला कोरा कागद दिला आणि खाली ग्रंथालयाचा शिक्का मारून दिला. मामा तोवर कोशात आणखी खाली वाचत होते. तिथं एक वाक्प्रचार होता, पेंटर कापणं, म्हणजे संबंध तोडून वेगळं होणं. आणि तीनचा आकडा घालून लिहिलं होतं की अमेरिकेत एका मोठ्या रानमांजराला, आपल्या बिबट्यासारख्या जनावराला, काही लोक पेंटर म्हणतात. मामांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं जो शब्द आपल्या नावापुढं लागत आला, त्यात एवढी माणसं राहत होती हे त्यांना माहीतच नव्हतं. पुढं कुणी ‘काय पेंटर’ म्हणून हाक मारली की ते विचारायचे, “कोन पायजे? दोर, वाघ का मी?”

पण काम अर्धंच झालं होतं. शिक्क्याचा कागद दाखवला तरी गुरुजी मानतील का, अशी मल्लूअण्णांना धास्ती होती. तीस वर्षं ज्यानं इंग्रजी शिकवलं त्याला त्याची चूक कोण सांगणार. मामा म्हणाले, मी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आम्ही गडहिंग्लजला गेलो. मामांनी धुतलेला सदरा घातला होता. मी पहिल्यांदाच त्यांना रंगाशिवाय बघत होते.

मुलीच्या वडिलांचं घर पेठेत, खाली गुळाचं दुकान आणि वर राहणं. गुरुजी आरामखुर्चीत बसले होते. मुलीचे वडील त्यांच्या शेजारी. मुलगी, महानंदा, आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गुरुजींनी मामांची चौकशी केली, आणि हे पाट्या रंगवतात म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेंटरची बाजू सांगायला पेंटरच आणलाय, असं ते म्हणाले.

मी शिक्क्याचा कागद पुढं करणार होते, पण मामांनी मला थांबवलं. त्यांनी कप्तानाचं पत्र गुरुजींच्या हातात दिलं आणि हात जोडून म्हणाले, “गुरुजी, मी सातवी शिकलेला माणूस. मला वाक्य येत न्हाय. हे एवढं एक वाक्य तुमी मोठ्यानं वाचा. सावकाश.”

गुरुजींनी चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. द पेंटर, म्हणाले. विच, म्हणाले, आणि थांबले. त्यांचं बोट त्या शब्दावर होतं. खाली दुकानात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, उचलठेव चालली होती, ती ऐकू येत होती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “हा शब्द मी वाचलाच नव्हता.”

तेव्हा मामांनी मला खूण केली आणि मी शिक्क्याचा कागद त्यांना दिला. त्यांनी तो वाचला. चूक कबूल करायला त्यांना फार वेळ लागला नाही, हे मी त्यांच्या मोठेपणात धरते. त्यांनी भावाकडे वळून कानडीत काहीतरी सांगितलं. मग दाराशी उभी महानंदा पुढं आली. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “काका, पत्र पहिल्यापास्नं वाचा. मराठीत. सगळं.”

गुरुजींनी वाचलं. तेच पत्र, त्याच ओळी. तुमच्या मुलाच्या जबड्यावर दोराचा फटका बसला आहे. समुद्र खवळलेला होता आणि चौघेजण बोटीत होते. ते बाहेर येईपर्यंत तुमच्या मुलानं दोर सोडला नाही. दोर जुना होता. तो तुटला, नंतर मोडीत काढून कापून टाकला. मुलाच्या वर्तनाचा अहवाल मी मालकांना पाठवला आहे. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी दोनदा वाचलं. आदल्या दिवशीपर्यंत जी तक्रार होती, ती कप्तानाची शाबासकी निघाली होती.

मल्लूअण्णा स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले होते. मुलीचे वडील उठले, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. महानंदा आत गेली आणि जरा वेळानं सगळ्यांना हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, वाट्या घेऊन आली. पहिली वाटी तिनं मामांना दिली.

ज्या गुरुजींनी ते पत्र चुकीचं वाचलं होतं, त्यांनीच ते पेठभर बरोबर वाचलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते पत्र खिशात घालून दुकानादुकानांतून फिरले, आणि ज्याच्या ज्याच्या कानावर आधीची गोष्ट गेली होती त्याला त्याला त्यांनी थांबवून नवी ऐकवली. चूक आपली होती, हे आधी सांगायचे आणि मग पत्र उघडायचे, असं मल्लूअण्णांनी नंतर आम्हाला सांगितलं.

शिवानंद दोन महिन्यांनी आला. जबडा किंचित डावीकडे झुकलेला, त्यामुळं तो सारखा हसू दाबतोय असं वाटायचं. लग्नात त्यानं मामांना वाकून नमस्कार केला. जहाजावर रोज पेंटर हा शब्द ऐकायचो, पण घरी यावरून काय चाललं असेल हे स्वप्नातही आलं नाही, असं तो म्हणाला. मालकांकडून त्याला एक प्रशस्तिपत्र आलं होतं, ते चौकटीत घालून मांडवात ठेवलं होतं. मामा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. परत येताना एस्टीत त्यांनी मला हळूच सांगितलं की त्यात स्पेलिंगची एक चूक आहे. “कुनाला सांगू नका. त्यांच्या घरात ती बरोबरच हाय.”

काही वर्षांनी संगणक आले आणि बाबांनी इन्स्टिट्यूट बंद केली. टाइपरायटर मोडीत निघाले त्या दिवशी बाबा व्हरांड्यात बसून होते. मामा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “सर, दुकान बंद करा. पेंटर कापू नका.” त्यानंतर बाबा असेपर्यंत ते दर रविवारी आमच्या घरी येत राहिले.

मग फ्लेक्स आला. शाहूपुरीतले सगळे पेंटर वर्षा-दोन वर्षांत धंदा सोडून पांगले. कुणी रिक्षा घेतली, कुणी भिंतींना डिस्टेंपर मारायला लागले. एका फ्लेक्सवाल्यानं मामांना मजकूर तपासायला ठेवलं. पंधरा दिवस ते संगणकाच्या शेजारी स्टुलावर बसले. सोळाव्या दिवशी गेले नाहीत. तिथं चूक दाखवली की माणूस एक कळ दाबतो आणि ती जाते, म्हणाले. हाताला काही लागतच नाही. लोक हळहळायचे, पेंटरचं आता कसं व्हायचं म्हणायचे. मामांनी मात्र कधी सुस्कारा टाकला नाही. त्यांनी एक जागा हेरली होती जिथं फ्लेक्स टिकत नव्हता. गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्या. वाऱ्यानं तिथं लावलेलं काहीही चार दिवसांत फाटतं. तिथं रंगच पाहिजे, आणि रंग लावायला वर चढणारा माणूस पाहिजे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते राधानगरीच्या रस्त्यावर. माझं लग्न होऊन मी तिकडं राहायला गेले होते आणि कोल्हापुरातून एस्टीनं परतत होते. एका फाट्यावर गाडी थांबली. रस्त्यापासून लांब, भाताच्या खाचरांपलीकडं, नव्या टाकीभोवती बांबूंची परांची बांधलेली होती, आणि तिच्यावर एक किरकोळ माणूस उभा होता. त्याच्यासमोरचं अक्षर त्याच्यापेक्षा उंच होतं. निळ्या रंगानं गावाचं नाव जवळपास पुरं झालं होतं. मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. सत्तरीला आलेला माणूस, एका हातानं बांबू धरून अंग मागं झोकून, मान कलती करून आपलं अक्षर बघत होता.

हाक मारून पोचण्यासारखं अंतर नव्हतं. कंडक्टर म्हणाला, म्हातारा पडंल की तिथनं. माझ्या पुढच्या सीटवर दुधाची रिकामी किटली मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. ती खिडकीतून बघत होती. तिचे ओठ हलले, तिनं एकेक अक्षर लावून नाव पुरं वाचलं आणि मग शेजारणीला कोपरानं ढोसलं.

“आगं, आमचं गाव,” ती म्हणाली. “हिथनं वाचाय येतंय.”

गाडी सुटली. परांचीवरच्या माणसानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.